मुलांच्या गायनवृंदातली मुलं आठवीत गेली की गळतात, त्यांना कसं टिकवावं?

व्हिएन्नाचा मुलांचा वृंद पाचशे वर्षं टिकतो आणि आपल्या सोलापुरात मात्र मुलं आठवीत गेली की गळतात, असं तुम्ही लिहिलंय. गळत नाहीत हो, गाळली जातात. मी त्यातलाच एक.

१९८६ साली साखर पेठेत एका माडीवर आमची तालीम चालायची. अठरा-वीस पोरं. शेजारी माग खटखटायचे आणि सर ओरडायचे, "त्यांच्या लयीत जाऊ नका रे!" निम्म्यांच्या घरी तेलुगू, काहींच्या कन्नड. माझ्या शेजारचा पोरगा मराठी गाणं वहीत तेलुगू अक्षरांत उतरवून घ्यायचा, आणि 'ळ' मात्र आमच्यापेक्षा साफ म्हणायचा. काळी चार या उंच पट्टीत गायचो. पुढच्या रांगेत मधोमध मी.

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आधी कार्यक्रम होता. तालमीत तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, माझा आवाज चिरकला. पोरं हसली, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सरांनी पेटी थांबवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू मागं उभा राहा. नुसते ओठ हलव." पाच गाणी मी ओठ हलवले. घरी आल्यावर आई म्हणाली, "एवढ्या पोरांत तुझा आवाज वेगळा कळत होता रे." मी काही बोललो नाही. पुढच्या सोमवारपासून तालमीला गेलो नाही, आणि कुणी बोलवायलाही आलं नाही.

व्हिएन्नाचं म्हणाल तर तो वृंद १४९८ला सम्राट मॅक्सिमिलियननं दरबारासाठी सुरू केला. संगीतकार शूबर्ट तिथलाच. १८१२ साली त्याचा आवाज फुटला तेव्हा त्यानं स्वरलिपीच्या कागदावर तारीख टाकून लिहून ठेवलं, की आज शेवटचा आरवलो. १९१८ला राजेशाही गेली, पण १९२४ला वृंद नव्यानं उभा राहिला. मुलं तिथूनही जातात, आवाज फुटणं कुणालाच चुकलेलं नाही. पण १९५२पासून त्याच जुन्या मुलांचा पुरुषांचा वेगळा वृंद आहे. खालच्या पट्टीत गायला जागा आहे. आपल्याकडं जागा म्हणजे झांजा, नाहीतर सतरंज्या उचलणे.

माझी धाकटी बहीण आमच्या सोलापूरच्या त्याच वृंदात दहावीपर्यंत होती. ती अजूनही सरांची बाजू घेते. "दादा, तुझ्यामुळं सगळी ओळ बिघडली असती." बिघडली असती तर बिघडली असती! पट्टी उतरवता येत होती, मला मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, एक आधाराचा स्वर देता आला असता. पेटी काळी चारला खिळे ठोकून बसवलेली नव्हती. हे मी तिला प्रत्येक रक्षाबंधनाला सांगतो.

तुम्ही तेवढं करा. फुटलेल्या आवाजाच्या पोरांची वेगळी रांग करा, काळी एक-दोनच्या खालच्या पट्टीत गाऊ द्या. मात्र त्या काळात ताणून, ओरडून गायला लावू नका. स्वरयंत्र वाढत असतं, आवाज जवळजवळ सप्तकभर खाली येतो, आणि किती महिने लागतील ते प्रत्येकाचं वेगळं. काहींना खरंच थोडे दिवस गप्प राहावं लागतं, हेही मान्य. पण तसं असेल तर त्याला तसं तोंडावर सांगा, आणि आईला कार्यक्रमाआधी सांगा.