मी ४१ वर्षांची, मुलगी १२ ची. आता दुसरं मूल होऊ द्यावं का?

होऊ द्या, पण आता चालढकल नको. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. बीपी, शुगर, थायरॉइड तपासा आणि फॉलिक ॲसिड दिवस राहण्याआधीच सुरू करा. पहिलं बाळंतपण सुरळीत झालं म्हणून हेही तसंच होईल, असं धरून चालू नका. या वयात गर्भपाताचा धोका बराच वाढतो. बाळाला डाउन सिंड्रोम (जन्मजात गुणसूत्रदोष) असण्याची शक्यता चाळिसाव्या वर्षी साधारण १०० त १, म्हणून ११ ते १३ आठवड्यांतली एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागचा द्रव मोजणारी) आणि डबल मार्कर ही रक्ततपासणी चुकवू नका. आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) लागलंच, तर २०२१ च्या कायद्यानुसार पन्नाशीच्या आतच.

लोक काय, बोलणारच. मुलीला मात्र बातमी शेजारच्या काकूंकडून कळायला नको. या वयात मुली लाजतात, चिडतात, "मैत्रिणींना काय सांगू?" म्हणून रुसून बसतात. तिला तुम्हीच सांगा, आणि बाळ सांभाळायची जबाबदारी तिच्यावर टाकू नका.