लेखक व्हायचंय, मग कॉलेजची तयारी कधीपासून?

प्रश्न : मी नववीत आहे, गाव दर्यापूर तालुक्यात. कविता आणि गोष्टी लिहिते. दोन वह्या भरल्या आहेत. मोठेपणी लेखिका व्हायचं आहे, तर कॉलेजसाठी आतापासून काय करू? शाळेत पुस्तकांचं कपाट आहे, पण त्याला कुलूप असतं.

उत्तर : आधी कुलूप काढू. त्या कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाची दप्तरी नोंद असते आणि पुस्तक हरवलं की जाब प्रभारी शिक्षकांना द्यावा लागतो, म्हणून ते उघडायला नाखूष असतात. वर्गशिक्षकांना सांग की देवघेवीचं रजिस्टर मी सांभाळते, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा तास द्या. दाखल क्रमांक, नाव, तारीख आणि परतीची सही, एवढे चार रकाने पुरतात. गावात शासनमान्य वाचनालय आहे का, हे ग्रामपंचायतीत विचार. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. गावातलं बहुधा ड वर्गाचं, म्हणजे वर्तमानपत्रं आणि थोडी पुस्तकं. तालुक्याचं मोठं असतं. तिथे अनामत भरून खातं उघड आणि घरचं कुणी बाजाराला जाईल त्यांच्या हाती पुस्तक बदलायला दे.

घरात मोबाइल असेल तर बालभारतीने ‘किशोर’चे १९७१पासूनचे जुने अंक वाचायला मोफत ठेवले आहेत, मराठी विश्वकोशही मोफत आहे. २०१९ साली आलेली अकरावीची मराठी ‘युवकभारती’ही उतरवून घे. तिच्यात मुद्रितशोधनाचा, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका ठरावीक खुणांनी दाखवण्याचा, पाठ आहे. त्या खुणा आताच शिकलीस तर स्वतःच्या वहीवर वापरता येतील.

आता वही. दोनशे पानी लांब वही घे, उजव्या पानावरच लिही, डावं पान दुरुस्तीसाठी कोरं ठेव. एका पानावर साधारण १८० ते २०० शब्द बसतात, म्हणजे पंधराशे शब्दांची गोष्ट सात-आठ पानांची होते. दहावी संपेपर्यंत अशा सहा गोष्टी *पूर्ण* कर. या वयाच्या वह्यांमध्ये सुरुवाती वीस सापडतात, शेवट दोनच. अडचण बहुतेक वेळा तिथेच असते, प्रतिभेत नव्हे. गोष्ट झाली की पंधरा दिवस वही बंद ठेव, मग मोठ्याने वाच. जिथे जीभ अडखळते तिथे खूण कर. पहिला परिच्छेद खोडूनही बघ. ‘सकाळची वेळ होती, सूर्य नुकताच उगवला होता’ हे वाक्य गेलं आणि गोष्ट ‘मापाडी काट्यावरून उठून गेला तेव्हा बाबांच्या बंडीत तीन गाठोडी कापूस तसाच होता’ इथून सुरू झाली, तर काही हरवतं का ते पाहा.

सोयाबीनची सोंगणी ते कापसाची पहिली वेचणी या दिवसांत घरात लिहायला ना जागा असते ना वेळ. तेव्हा नवी गोष्ट धरूच नको. वावरात कानावर पडलेली पाच वाक्यं रोज जशीच्या तशी टिपून ठेव. पुढे संवाद लिहिताना हीच वही सगळ्यात जास्त कामी येते.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे, ऐंशी टक्क्यांच्या आसपास असतो. लेखक व्हायचं म्हणून आर्ट्स घेतो म्हणतो. आम्ही सायन्स म्हणतो. कोणाचं बरोबर? (एक पालक, मंगरुळपीर तालुका)

उत्तर : सायन्सनंतर बी.ए.ला जाता येतं, आर्ट्सनंतर कृषी, फार्मसी, इंजिनिअरिंगला जाता येत नाही. सायन्सचा हा फायदा खरा आहे, पण त्याची किंमतही आहे. नाव गावच्या ज्युनिअर कॉलेजात आणि मुलगा अकोल्या-नागपूरच्या क्लासमध्ये, अशी दोन वर्षं गेली तर अवांतर वाचन जवळपास शून्यावर येतं, आणि लिहिण्याचा हात याच वयात बसतो. गणित-भौतिकशास्त्र तो न सांगता सोडवत बसत असेल तर खुशाल सायन्स द्या. नसेल तर आर्ट्स द्या. मात्र ‘सोपं असतं’ म्हणून तो आर्ट्स मागत असेल तर त्याला थांबवा.

सायन्स घेतलंच, तर एका गोष्टीवर लक्ष ठेवा. गुण जास्त पडतात म्हणून बरीच मुलं दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान हा विषय घेतात आणि अकरावीतच मराठी सुटते. तुमच्या मुलाने तसं करू नये. बारावीच्या मराठीतलं मुलाखत, अहवाल, वृत्तलेख हे उपयोजित लेखन त्याच्या पुढच्या कामाचं आहे.

अकरावीचे प्रवेश २०२५पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. पसंतीक्रम दहापर्यंत देता येतात, पण पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं, नाकारलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर पडतं. जिथे खरोखर जायचं आहे तेच पहिलं लिहा.

प्रश्न : मी कथेत वऱ्हाडी लिहितो, तर सर लाल रेघा मारतात. प्रमाण मराठीतच लिहावं का? (बारावीचा विद्यार्थी, अकोट)

उत्तर : परीक्षेच्या पेपरात प्रमाण मराठीच. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम पाठ असू दे, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला मजकूर संपादक पहिल्या पानावर बाजूला ठेवतात. कथेत वऱ्हाडी जरूर लिही. मात्र सरांची रेघ नेहमीच बोलीवर नसते, कधी ती ढिसाळपणावरही असते.

ढिसाळपणा असा : ‘मायनं मले म्हटलं, विहिरीपाशी नोको जाऊ, मला भीती वाटते.’ एकाच बाईच्या तोंडी ‘मले’ आणि ‘मला’ दोन्ही आले. बोलीलाही व्याकरण आहे. ‘ले’ धरलास तर तुले, घरले, बापाले सगळीकडे धर. डोळ्याला ‘डोये’ म्हणणारं पात्र पुढच्या पानावर ‘केळी’ म्हणणार नाही, ‘केयी’च म्हणेल. प्रत्येक पात्रासाठी वहीत अशा दहा-बारा रूपांची यादी कर आणि दुसऱ्या खर्ड्यात ताडून पाहा. निवेदन प्रमाण आणि संवाद बोलीत ठेवणं नवख्याला सोपं जातं. सगळी कथा बोलीत लिहायची असेल तर निवेदक कोण, हे पहिल्याच परिच्छेदात कळलं पाहिजे. कंसात अर्थ देऊ नकोस, आजूबाजूच्या वाक्यांतून तो कळू दे. आणि सालदार वऱ्हाडी बोलतो, मास्तर पुणेरी, अशी वाटणी करू नकोस. आपल्याकडचे मास्तर घरी काय बोलतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

झाडीपट्टीची बोली वेगळी आहे. भंडारा-गोंदियाकडचं पात्र आणायचं असेल तर तिकडच्या माणसाकडून संवाद वाचून घे.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे. एका प्रकाशनाचा फोन आला. चोवीस हजार भरले तर कवितासंग्रह, शंभर प्रती, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आणि पुरस्कार देतात. पुस्तक असलं तर कॉलेज प्रवेशाला उपयोग होतो म्हणाले. (आर्णी तालुका)

उत्तर : बी.ए.चा प्रवेश बारावीच्या गुणांवर किंवा प्रवेश परीक्षेवर होतो. पैसे भरून छापलेल्या संग्रहाला त्यात गुण नाहीत. आयएसबीएनचे पैसे लावत असतील तर लक्षात ठेव, भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. पुरस्कार पाकिटात घालून देणाऱ्याबद्दल वेगळं काय सांगायचं?

तरी मन होत असेल तर चार गोष्टी लेखी माग : पानं किती आणि कागद किती जीएसएमचा (म्हणजे किती वजनाचा), शंभरपैकी तुला किती प्रती, विक्री कोण करणार आणि हिशेब केव्हा देणार, हक्क कोणाकडे. मग तेच माप घेऊन यवतमाळच्या एखाद्या छापखान्यात भाव विचार. दोन आकड्यांमधली तफावत म्हणजे त्यांची कमाई. ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ असं कलम दिसलं तर तिथेच थांब. कवितेचा कॉपीराइट लिहिताक्षणी तुझा असतो, नोंदणीची सक्ती नाही, आणि तो तुझ्या हयातीत व त्यानंतर साठ वर्षं टिकतो. अठरा पूर्ण नसताना केलेला करार १८७२च्या करार कायद्याप्रमाणे टिकत नाही. त्यामुळे ते सही तुझ्या बाबांची मागतील. बाबांना हे उत्तर वाचून दाखव.

थांबल्याने तुझं नुकसान नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी पहिल्या पुस्तकाला अनुदान देणारी योजना आहे, तिथे हस्तलिखित पारखून घेतात. नॅशनल बुक ट्रस्टकडून चालणारी, २०२१ साली सुरू झालेली ‘पीएम-युवा’ योजना तिशीच्या आतल्या लेखकांसाठी आहे. निवड झाली तर सहा महिने दरमहा ५०,००० रुपये मिळतात. मराठीतही लिहिता येतं. विषय मात्र ते ठरवतात, आणि कवितासंग्रह त्यात बसत नाही.

प्रश्न : गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून कथा टाइप करून पाठवली. ‘अक्षरं उघडत नाहीत’ असं उत्तर आलं. (मेहकर)

उत्तर : त्याने डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली असणार. त्यात आत इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्ट फक्त त्यांना देवनागरी रूप देतो. संपादकांच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की नुसती खिचडी दिसते. यापुढे युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच उघडणारी अक्षरपद्धती, सांगा, किंवा मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर स्वतः टाइप करा. फाइल आधी स्वतःच्याच दुसऱ्या फोनवर पाठवून उघडून पाहा. एक खोच : ‘वऱ्हाड’, ‘दऱ्या’ यांना नुक्त्याचा ऱ लागतो, साधा र घेतला तर ‘वर्हाड’ होतं. दहावीनंतरच्या सुटीत मराठी टायपिंगची मिनिटाला तीस शब्दांची सरकारी परीक्षा दिलीत तर हा प्रश्न कायमचा मिटतो, वर एक प्रमाणपत्र हाती येतं.

दिवाळी अंकासाठी कथा जून-जुलैत जायला हवी, गणपतीनंतर अंक भरलेले असतात. वर शब्दसंख्या आणि फोन नंबर, खाली ‘अप्रकाशित’ अशी ओळ. फेसबुकवर टाकलेली कथा बरेच संपादक प्रकाशित धरतात. एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा, तीन महिने वाट पाहा, आणि कुठे काय पाठवलं ते वहीत नोंदवा.

प्रश्न : बारावी आर्ट्स. मराठी घेऊन बी.ए. करायचं आहे. कुरखेड्यातच शिकू, नागपूरला जाऊ की बाहेर?

उत्तर : विद्यापीठाच्या नावावरून ठरवू नकोस. नागपूर विद्यापीठ १९२३चं, अमरावती १९८३चं, तुमचं गोंडवाना २०११चं. पदवी तिघांचीही सारखीच चालते. मराठीसाठीच आता अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे, तिथले अभ्यासक्रमही बघून ठेव. पण तीन वर्षं तू बसणार कॉलेजच्या ग्रंथालयात, म्हणून कॉलेज सुरू असताना एक दिवस जाऊन ते पाहा. मासिकांच्या रॅकवरचा ताजा अंक कोणत्या महिन्याचा आहे? पुस्तकं स्वतः काढून घेता येतात की खिडकीतून चिठ्ठी द्यावी लागते? एका कार्डावर किती मिळतात? मागच्या तीन वर्षांचे वार्षिकांक माग. त्यात मुलांचं लेखन दुरुस्त होऊन आलेलं दिसतं की इकडून तिकडून उतरवलेले सुविचार, यावरून मराठी विभाग जिवंत आहे का ते कळतं. विभागात कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, हे तिथल्याच विद्यार्थ्यांना विचार. नागपूरचा एक फायदा मात्र निर्विवाद आहे. १९२३ साली स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ तिथे आहे, कार्यक्रम होतात, लिहिणारी माणसं भेटतात. वसतिगृहाचं दार संध्याकाळी किती वाजता बंद होतं ते आधी विचार, नाहीतर हा फायदा कागदावरच राहील.

मराठीच्या जोडीला समाजशास्त्र, इतिहास किंवा अर्थशास्त्र घे. गाव का बदललं हे कळायला त्याचा उपयोग होतो, शिवाय स्पर्धा परीक्षेलाही.

राज्याबाहेर जायचं असेल तर बारावीच्या वर्षीच सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा अर्ज भरावा लागतो. २०२५पासून जास्तीत जास्त पाच विषय, प्रत्येकी ५० प्रश्न, ६० मिनिटं, बरोबर उत्तराला पाच गुण, चुकलं की एक वजा. भाषांमध्ये मराठी घेता येते. बनारस हिंदू विद्यापीठात मराठी विभाग आहे. भोपाळला अझीम प्रेमजी विद्यापीठ स्वतःची परीक्षा घेतं आणि कुटुंबाच्या उत्पन्नावरून फी माफ करतं, पण शिकवणं इंग्रजीतून. तिकडे जायचं तर आजपासून रोज एक इंग्रजी लेख वाचून त्याचा मराठीत दहा ओळींत गोषवारा लिही.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, लिहिते छान. पुढच्या शिक्षणाला पैसा कुठून आणायचा? (एक आई, लाखांदूर)

उत्तर : ताई, याच वर्षी तिला एनएमएमएस या आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. नव्वद-नव्वद प्रश्नांचे दोन पेपर असतात. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि शाळा सरकारी, अनुदानित किंवा जिल्हा परिषदेची हवी. अर्ज शाळेतूनच जातो, मुख्याध्यापकांना आजच विचारा. बारावीपर्यंत मुलींचा एसटी पास मोफत असतो, पदवीला तो सवलतीत मिळतो, म्हणून तेव्हाचा खर्च वेगळा धरा. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीसाठी स्वाधार, जमातीसाठी स्वयम् आणि इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मुलीच्या नावाने आधार जोडलेलं बँक खाते आताच काढा. आधार, शाळेचा दाखला आणि पासबुक या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते जुळवून पाहा. अर्ज सगळ्यात जास्त तिथेच अडकतात. टोपणनाव कवितेखाली घालू द्या, शाळेच्या कागदावर नको.