ऊन वाढले, तरी वीज कमी का?

प्रश्न : आमच्या घराच्या गच्चीवर ३ किलोवॉटचे सोलर पॅनेल बसवलेले आहेत. फेब्रुवारीत भर दुपारी इन्व्हर्टरवर जेवढा आकडा दिसत असे, तेवढा मे महिन्यातील रणरणत्या उन्हात दिसत नाही. पॅनेलमध्ये काही दोष असेल काय? शिवाय बाहेरची वीज गेली की लख्ख ऊन असूनही आमचे घर अंधारात का जाते?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या वर्णनावरून पॅनेलमध्ये दोष असावा असे वाटत नाही. पाणी तापवणारा सौर बंब उष्णतेवर चालतो, म्हणून शेजारचे पॅनेलही उष्णतेवरच चालत असणार, असा समज अनेकांचा असतो. प्रत्यक्षात पॅनेलला प्रकाश हवा असतो आणि उष्णता त्याला बाधकच ठरते.

पॅनेलमधील प्रत्येक सेल म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती. तिच्या एका थरात फॉस्फरसचे, तर दुसऱ्यात बोरॉनसारख्या मूलद्रव्याचे अत्यल्प अणू मिसळलेले असतात आणि त्यामुळे दोन थरांच्या सीमेवर कायमचे विद्युत क्षेत्र तयार होते. प्रकाशकणाच्या ऊर्जेने सिलिकॉनमधील एखादा इलेक्ट्रॉन बंधनातून सुटला, की हे क्षेत्र त्याला ठरावीक दिशेलाच ढकलते. असे असंख्य इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून वाहू लागतात, तीच आपली वीज. सगळाच प्रकाश मात्र कामी येत नाही. अवरक्त किरणांपैकी बऱ्याच किरणांची ऊर्जा इलेक्ट्रॉन सोडवण्यास अपुरी पडते, तर निळ्या प्रकाशातील जास्तीची ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणून चांगल्या पॅनेलमध्येही प्रकाशाचा साधारण पाचवा हिस्साच विजेत उतरतो.

पॅनेलवर छापलेली क्षमता सेलचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते, कारण सिलिकॉन तापले की सेलचे व्होल्टेज उतरते. मे महिन्यात सेलचे तापमान सहज ६५ अंशांवर जाते, म्हणजे ३ किलोवॉटमधील सुमारे ४०० वॉट तेथेच गेले. त्यात सोलापुरात मे महिन्याच्या मध्यास सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, आणि आपले पॅनेल दक्षिणेकडे कललेले असल्यास किरण त्यांच्यावर काहीसे तिरपे पडतात. फेब्रुवारीत ते बरेचसे समोरून येतात. धुळीचा थर असल्यास घट आणखी वाढते. पॅनेल सकाळी लवकर धुवावेत, तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी ओतू नये. पॅनेलखालून वारा खेळता राहील याकडेही लक्ष द्यावे. तेथे अडगळ रचण्याची आपल्याकडे सवयच आहे.

आता दुसरा प्रश्न. पॅनेल एकदिश प्रवाह देतात; इन्व्हर्टर त्याचे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या, प्रवाहात रूपांतर करतो आणि तसे करताना बाहेरील वीजवाहिनीच्या लयीशी जुळवून घेतो. वाहिनी मृत झाल्याचे दिसताच त्याने स्वतःला बंद करावे, अशी रचना मुद्दाम केलेली असते, कारण तसे न झाल्यास खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून आलेल्या विजेचा धक्का बसू शकतो. वीज गेल्यावरही घरातील दिवे चालू हवे असतील, तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर बसवावा लागतो. तो त्या वेळी घर वाहिनीपासून तोडून स्वतंत्रपणे चालवतो. बॅटरीचा खर्च मोठा असल्याने, वीज क्वचितच जात असेल तर तो करण्यात फारसा अर्थ नाही.