नाव मोठं, पण ऑसिलोस्कोप किती?

प्रश्न : बडोद्यातच बी.ई. इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, एम.टेक. प्रवेशाची गेट परीक्षा दिली आहे. ओढा ई.व्ही. चार्जर, मोटर ड्राइव्ह अशा कामाकडे. एका आयआयटीत पॉवर सिस्टिम्स (वीजनिर्मिती, ग्रिड) मिळेल असं दिसतं, एका एनआयटीत पॉवर इलेक्ट्रॉनिक्स (चार्जर, ड्राइव्हची सर्किटं). बाबा आणि काका म्हणतात, ‘डोळे मिटून आयआयटी घे.’ काय करू? (दांडिया बाजार, बडोदा)

उत्तर : डोळे मिटू नका, एवढंच आधी सांगतो. आत गेल्यावर स्पेशलायझेशन बदलून मिळेल, या भरवशावर तर मुळीच जाऊ नका. काही संस्थांत मात्र हे दोन्ही विषय एकाच छत्राखाली असतात. तिथे प्रवेशपत्रावरच्या नावापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा : पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे मार्गदर्शक दरवर्षी किती जण घेतात, आणि प्रोजेक्टचं वाटप गेट स्कोअरवर होतं की पहिल्या सेमिस्टरच्या गुणांवर?

मग त्या विभागाचे अलीकडचे तीन-चार एम.टेक. प्रबंध मिळवा आणि थेट शेवटून दुसरं प्रकरण उघडा. तिथले वेव्हफॉर्म, म्हणजे व्होल्टेज-प्रवाहाचे आलेख, बघा. स्विचिंगच्या जागी कोपरे काटकोनात कापल्यासारखे असतील, तर ते सिम्युलेशन आहे. खऱ्या बोर्डावर त्या कोपऱ्यावर थरथर दिसते. समजा, ट्रॅक आणि पिनांचा मिळून फक्त ५० नॅनोहेन्री इंडक्टन्स (प्रवाह बदलायला होणारा विरोध) आहे आणि २० अँपिअरचा प्रवाह २० नॅनोसेकंदांत तुटतो. इंडक्टन्सला प्रवाह बदलण्याच्या वेगानं गुणा : ५० व्होल्टचा स्पाइक, म्हणजे क्षणिक उसळी! ४८ व्होल्टच्या कन्व्हर्टरमध्ये मॉसफेटवर (प्रवाह चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरवर) ९८ व्होल्ट येतात, आणि ‘४८ला ६० पुरे’ म्हणून लावलेला ६० व्होल्टचा मॉसफेट जातो. सिम्युलेशनमध्ये तारा आदर्श धरल्या, तर हे कधीच दिसत नाही. चार्जर बनवणारी कंपनी मुलाखतीत नेमकं हेच विचारते : प्रवाहाचा लूप लहान कसा केलात, स्नबर (स्पाइक शोषणारं सर्किट) कुठे लावलात, डेड टाइम (एक स्विच बंद आणि दुसरा चालू होण्यातली फट) किती ठेवलात?

तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मेल करून तीन गोष्टी विचारा. ऑसिलोस्कोपला जोडून व्होल्टेज आणि प्रवाह मोजायचे डिफरन्शियल प्रोब आणि करंट प्रोब किती, आणि ते किती जणांत? सर्किटचा बोर्ड (पी.सी.बी.) स्वतः डिझाइन करतात की तयार किट वापरतात? मॉसफेट जळला तर नवा किती दिवसांत येतो? शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. खरेदीला दोन महिने लागत असतील, तर चार वेळा जाळून शिकण्याची मुभाच राहत नाही.

एनआयटीच्या लॅबची उत्तरं चांगली आली, तर आम्ही एनआयटी घेऊ. दोन्हीकडे सारखीच आली, तर काकांचं ऐकायला हरकत नाही.

आता प्रक्रिया. प्रत्येक आयआयटीचा अर्ज वेगळा भरावा लागतो. कोॲप हे आयआयटींच्या ऑफर स्वीकारण्याचं फक्त सामायिक पोर्टल आहे, तिथे नोंदणी केली म्हणजे अर्ज झाला असं नाही. तिथे ‘रिटेन अँड वेट’ केलं की हातातली जागा राहते आणि पुढच्या फेरीची वाट बघता येते. ‘ॲक्सेप्ट अँड फ्रीज’ दाबलं की पुढच्या फेऱ्या संपल्या. काहीच न दाबणं म्हणजे नकार. एनआयटीचं काम सीसीएमटी या सामायिक प्रवेशप्रक्रियेतून, एकाच अर्जावर चालतं. दोन्हींच्या तारखा एकमेकींत अडकतात, म्हणून दोन्ही वेळापत्रकं एकाच कागदावर मांडा. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो.

प्रश्न : ट्रान्सफॉर्मर कारखान्यात टेस्टिंगला दोन वर्षं झाली. नोकरी सोडून एम.टेक. करावं का? (मकरपुरा)

उत्तर : डिझाइनकडे किंवा संशोधनाकडे जायचं असेल तर करा. फक्त पगारवाढीसाठी असेल तर हिशेब नीट मांडा. गेटवरून पूर्णवेळ प्रवेश घेतला तर एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची) शिष्यवृत्ती महिना १२,४०० रुपये. वसतिगृह आणि मेस जाऊन हाती फार उरत नाही. कंपनीनं प्रायोजित केलं तर काही ठिकाणी गेट लागत नाही, पण ही शिष्यवृत्तीही नाही, आणि कंपनीच्या ना-हरकत पत्रासोबत (एनओसी) बहुधा ठरावीक काळ तिथेच काम करण्याचा बाँडही येतो. तो सही करण्याआधी वाचा.

तुमचा अनुभव हाय व्होल्टेजसाठी सोन्यासारखा आहे. १.२/५० मायक्रोसेकंदाची इंपल्स, म्हणजे वीज पडल्यावर येतो तसा व्होल्टेजचा क्षणिक धक्का, तुम्ही रोज देता. ती पुस्तकात पाहिलेले बरेच असतात, हातानं दिलेले थोडे. त्यामुळे ज्या विभागाकडे स्वतःचा इंपल्स जनरेटर आणि पार्शियल डिस्चार्ज (इन्सुलेशनमधल्या बारीक ठिणग्या) मोजण्याची सोय आहे, तोच निवडा. एर्डा ही विद्युत उपकरणं तपासणारी संस्था तर तुमच्या मकरपुऱ्यातच आहे. प्रोजेक्टचं टेस्टिंग तिथे करता येईल का, हे मार्गदर्शकाला पहिल्याच भेटीत विचारा.

प्रश्न : सी.जी.पी.ए. ८.२ आहे. जर्मनीत मिळेल? (वाघोडिया रोड)

उत्तर : आधी जर्मन ग्रेड काढा. कमाल १० मधून तुमचे ८.२ वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण यांच्या फरकानं भागा, ३ नं गुणा आणि १ मिळवा. उत्तीर्ण ४ ला असेल तर ग्रेड १.९; ५ ला असेल तर साधारण २.१. कटऑफ २.० असेल तर खेळ इथेच ठरतो, म्हणून किमान उत्तीर्ण गुणांक विद्यापीठाकडून लेखी घ्या. भारतातली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएस प्रमाणपत्र लागतंच. ‘जर्मनीत फी नाही’ हेही सरसकट खरं नाही : श्टुटगार्ट आणि कार्ल्सरूह ज्या राज्यात आहेत तिथे युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, तर म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात पदव्युत्तरला ४,००० ते ६,०००.