एफ-वन म्हणजे फॉर्म्युला वन कार रेसिंगमधल्या मोठ्या टीम्स नियम वाकवतात, मग ती चीटिंग नाही का?

सरसकट नाही. नियमात जे लिहायचं राहून गेलंय ते शोधणं हे तिथल्या इंजिनिअर लोकांचं कामच आहे. २००९ ची ब्रॉन जीपी बघा, होंडा सोडून गेल्यावर उरलेली टीम, त्यांनी डबल डिफ्यूझर लावला, म्हणजे गाडीच्या मागे खालच्या बाजूला हवेच्या जोरावर गाडी रस्त्याला चिकटवून ठेवणारा दुहेरी भाग, (टोयोटा आणि विल्यम्सकडेही होता) बाकीच्यांनी तक्रार केली, अपील कोर्टाने लीगल ठरवला आणि त्यांचा ड्रायव्हर जेन्सन बटन चॅम्पियन झाला. मला तर ही हुशारी मनापासून आवडते. मर्सिडीजचं २०२० चं डीएएस नावाचं तंत्र पण तसंच, ड्रायव्हर स्टीअरिंग पुढेमागे करून पुढच्या चाकांचा अँगल बदलायचा, २०२१ पासून बंद केलं.

पण २००५ ला इटलीत इमोलाच्या रेसनंतर बीएआर टीमच्या गाडीतलं पेट्रोल काढून वजन केलं तर ६०० किलोच्या किमान मर्यादेच्या खाली भरलं, आतमध्ये अजून एक छोटी टाकी निघाली. रिझल्ट रद्द, पुढच्या २ रेस बंदी. ही पळवाट नव्हे, चीटिंगच.

सगळ्यात खटकतं ते फेरारीच्या २०१९ च्या इंजिनचं प्रकरण, ते नियमात बसत नसल्याचा संशय होता, एफआयएने (या खेळाचे नियम ठरवणारी संस्था) चौकशी केली आणि शेवटी गुपचूप तडजोड, काय सापडलं ते आजवर सांगितलं नाही, ७ टीम्सनी जाहीर निषेध केला तरी नाही. पुढच्याच सीझनला फेरारी सहावी आली.