पकडलेल्या पोराच्या घरच्यांना आधी काय विचारायचं

प्रिय,

शहरातल्या मुलांसाठी व्यसनमुक्तीचं काम करायचं ठरवलंयस, तर समुपदेशनाच्या पुस्तकांआधी १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा वाच. घरचे रडत येतील तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा: पंचनाम्यात वजन किती लिहिलंय आणि कलमं कोणती?

एमडी (मेफेड्रोन नावाची नशेची पावडर) २ ग्रॅमपर्यंत असेल तर ती अल्प मात्रा, शिक्षा जास्तीत जास्त १ वर्ष. त्यावर ५० ग्रॅमपर्यंत १० वर्षांपर्यंतच्या शिक्षेची टांगती तलवार. ५० च्या वर गेलं की किमान १० वर्षं, आणि कलम ३७ मुळे जामीन फार कठीण. गांजासाठी हेच आकडे १ किलो आणि २० किलो. त्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात भेसळीसकट सगळं वजन धरायला सांगितलं. समज, चौघांनी एमडीसाठी पैसे काढले, एकजण सगळ्यांची पुडी घेऊन आला, प्रत्येकी एक ग्रॅम. त्याच्या खिशात चार ग्रॅम सापडले, की मधल्या टप्प्यात तो एकटाच अडकतो. मुलांना हे आधीच सांग, अगदी आकड्यांसकट.

अल्प मात्रेत किंवा सेवनाच्या कलम २७ मध्ये अडकलेल्या व्यसनी मुलाला कलम ६४अ ची वाट आहे: स्वतःहून उपचार घेतले तर खटल्यापासून सूट. पण व्यसनमुक्ती केंद्र हे सरकारी किंवा सरकारमान्य हवं. घाबरलेले आईवडील दिसेल त्या खासगी केंद्रात टाकतात आणि तिथेच घोळ होतो. मान्यतेचं पत्र आधी बघ. उपचार अर्धवट सोडले तर सूट रद्द होऊ शकते. कुतूहलापोटी दोनदा घेतलेल्या, व्यसन न लागलेल्या मुलाला मात्र ही वाट नाही. हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं.

मुलगा अठराच्या आतला असेल तर वयाचा दाखला लगेच दे, प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. कोठडीतल्या कुणालाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. त्यासाठी उत्पन्न बघत नाहीत.

अटकेच्या भीतीने मुलं बेशुद्ध मित्राला टाकून पळतात. त्यांच्याकडून घोकून घे: कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, १०८ ला फोन करायचा आणि काय घेतलं ते डॉक्टरला खरं सांगायचं. उपचारांबद्दल विचारायचं असेल तर व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६.