सहाशे नाण्यांच्या डब्यासाठी साठ टक्के बचत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला नोकरी, पाच वर्षांनी पुण्याला परतायचा बेत, शिल्लक २०,००० फ्रँक. ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ जुन्या स्विस चिल्लरीचा त्यांचा संग्रह, ६०० नाणी, १२,००० फ्रँकांना देतायत. "छंदही होईल आणि गुंतवणूकही," असं तुम्ही लिहिलंय.

छंद जरूर होईल. गुंतवणूक म्हणून मात्र घेऊ नका.

फोटोंत बर्नचे क्रॉयत्सर, झुरिकचे तीन हालर आणि कूरचे ब्लुत्सगर दिसतात. १८५० च्या कायद्याने देशभर एकच फ्रँक आला. त्याआधी कँटनागणिक, म्हणजे तिथल्या राज्यागणिक, नाणं वेगळं. चार क्रॉयत्सरचा एक बात्झेन, आणि तो बर्नच्या अस्वलावरून ओळखला जाणारा. हा सगळा खुर्दा रोजच्या व्यवहारात हातोहात फिरला. चांदी हिणकस, तांबंच जास्त. नाणं पाडण्याआधी चकत्या उकळून वरचं तांबं काढत, म्हणून नवं नाणं पांढरं दिसे. तुमच्या तिसऱ्या फोटोतला क्रॉयत्सर मोठा करून बघा: ढालीतल्या अस्वलाच्या पाठीवरून लालसर तांबं डोकावतंय. मला ते नाणं फार आवडलं. पण वितळवून त्यातून काही हाती लागणार नाही. किंमत आहे ती दुर्मिळतेची आणि स्थितीची, आणि या डब्यातली बरीचशी नाणी सहज मिळणारी, झिजलेली आहेत.

आता विकायचा हिशेब. समजा लिलावात एका नाण्याची बोली १०० फ्रँकांवर थांबली. घेणाऱ्याकडून वर २० टक्के शुल्क धरा, म्हणजे तुमचे गेले १२०. विकताना १५ टक्के कमिशन कापलं, तर १०० च्या बोलीतून हाती ८५. नुसते घातलेले पैसे परत यायला बोली १४१ वर जायला हवी. तुम्ही थेट घेताय म्हणून पहिलं शुल्क वाचेल, दुसरं चुकणार नाही. आणि पुण्यात ब्लुत्सगरला गिऱ्हाईक शोधत बसणं मला तरी डोळ्यांसमोर येत नाही.

आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढा. मग तिसऱ्या स्तंभाचं, म्हणजे निवृत्तीसाठीच्या खाजगी बचतीचं ३अ खातं भरा; पेन्शन फंड असलेल्या नोकरदाराला २०२५ ला मर्यादा ७,२५८ फ्रँक होती आणि ती रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते. तुमचा कर पगारातूनच कापला जात असेल, तर ही वजावट आपोआप मिळत नाही. पुढच्या वर्षी ३१ मार्चपर्यंत अर्ज करावा लागतो. बरेच जण इथेच चुकतात. देश कायमचा सोडताना हे पैसे काढता येतात, तुमच्या बेताला ते सोयीचंच आहे.

छंदाला वर्षाला ८०० फ्रँक ठेवा. त्या गृहस्थांना विचारा, फक्त अठराव्या शतकातली बर्नची तीस-चाळीस नाणी सुटी देतील का. प्रत्येक नाणं कुठून आलं ते लिहून घ्या: जमिनीत सापडलेली पुरातन नाणी स्विस कायद्याने त्या कँटनची असतात, सापडणाऱ्याची नव्हेत. आणि घरी आणल्यावर ती चिंच किंवा पावडर लावून मुळीच घासू नका. तो काळपट थर गेला, की जाणकार गिऱ्हाईक नाणं खाली ठेवून देतं.